इटालियन रेस्तराँतलं दुपारचं जेवण आणि ४.६ तारे

चमचाभर

दुपारी इटालियन खायला जाताना तुम्ही ऑनलाइन रेटिंग बघता का, आणि बघत असाल तर त्यातून नक्की काय कळतं? प्रश्न साधा आहे. म्हणजे जेवणाआधी मला तरी साधा वाटत होता.

ऑफिसजवळ एक इटालियन पद्धतीचं रेस्तराँ आहे. नाव मुद्दाम देत नाही, त्यांच्या नावाने खडे फोडायला हा धागा काढलेला नाही. रेटिंग ४.६, परीक्षणं हजाराच्या वर. आम्ही चौघं आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी गेलो. जागा प्रसन्न, टेबलं स्वच्छ, वाढणारा मुलगा इतका अदबशीर की तक्रार करायलाही जीभ रेटेना.

कार्बोनारा मागवला. तो खोलगट पांढऱ्या वाडग्यात क्रीममध्ये बुडून आला. दोन-चार घास होईपर्यंत कडेच्या क्रीमवर साय धरली आणि काटा फिरवला की सगळा पास्ता एकगठ्ठा उचलला जायला लागला. वर पार्सली भुरभुरलेली, आत हॅमचे गुलाबी चौकोनी तुकडे. मार्गारीटा पिझ्झा खालून फिकट आणि कडेला चिवट. मश्रूम रिझोटो (इटालियन मऊ भात) ऑर्डर दिल्यावर इतक्या लवकर आला की आम्ही एकमेकांकडे बघितलं. मधे गरम, कडेला कोमट. शेवटचा गोड पदार्थ, तिरामिसू, मात्र उत्तम, खोटं कशाला बोला.

बिलाच्या फोल्डरमध्ये क्यूआर कोडचं कार्ड होतं. पाच तारे द्या, स्क्रीन दाखवा, पुढच्या वेळी गोड पदार्थ आमच्याकडून.

घरी येऊन परीक्षणं वाचत बसले. अँबियन्स होता, वाढदिवसाला लावलेलं गाणं होतं, वाढणाऱ्या मुलांची नावानिशी स्तुती होती, दिव्यांच्या माळांचे फोटो होते. जेवणाबद्दल 'यम्मी' आणि 'मस्ट ट्राय'. दुपारी जेवलेला माणूस अक्षरशः शोधावा लागला. तर माझं म्हणणं असं की हे तारे खोटे नसतीलही, पण ते कोणाच्या तरी शनिवार रात्रीचे आहेत. माझ्या बुधवार दुपारशी त्यांचा काय संबंध?

तुम्ही काय बघून ठरवता?

काडेपेटी

कार्बोनाऱ्यावर साय! रोममध्ये कुठेतरी एक आज्जी झोपेतून दचकून उठली असेल.

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. प्रवासी पक्षी यांच्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

प्रवासी पक्षी

आलोच. :)

कार्बोनारा रोमचा. ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस, पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं खारट चीज, अंडी (बरेच जण बलक जास्त घेतात) आणि काळी मिरी. संपलं. क्रीम नाही, लसूण नाही, पार्सली तर नाहीच नाही. सॉसला मऊपणा येतो तो अंडं, चीज आणि पास्ता उकळलेलं पिठूळ पाणी यांच्या मिलाफातून. आच बंद करायची आणि पास्त्याच्या अंगच्या उष्णतेवर हे मिसळायचं. बलक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान आळायला लागतो. त्यापुढे गेलात की ताटात गुठळ्या.

अल्फ्रेडो पास्त्याचंही तेच. रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलियो यांनी फेतुचिने (चपट्या पट्ट्यांचा पास्ता) केली ती लोणी आणि पार्मेजानो चीज एवढ्यावर. हॉलिवूडचे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स त्यावर इतके खूश झाले की त्यांनी सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. पदार्थ अमेरिकेत पोचला आणि तिथे त्यात क्रीम शिरलं. आज जगभर 'इटालियन' म्हणून मिळतो तो हा अमेरिकेहून परतलेला पाहुणा.

मी काही वर्षं इटलीत, बोलोन्यात होतो. तिथे दुपारी जेवायला गेलं की फळ्यावर त्या दिवसाचे मोजके पदार्थ लिहिलेले असत. ज्या ठिकाणी मेन्यू जाडजूड आणि त्यात पिझ्झा, पास्ता, बर्गर, सुशी असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात, तिथे ४.६ असो नाहीतर ५, मी पाणी पिऊन बाहेर येतो. त्यांना एकच पदार्थ नीट येत असेल आणि तो कुठला हे आपल्याला माहीत नसतं.

तळटीप

प्रवासी पक्षी, माहिती बरोबर आहे पण सूर पटत नाही. 'खरं इटालियन' हा दंडुका वाटतो तितका जुना नाही.

कार्बोनारा कागदावर दिसायला लागतो तोच मुळी दुसऱ्या महायुद्धानंतर. 'ला कुचिना इतालियाना' मासिकाने १९५४ साली छापलेल्या पाककृतीत ग्रुयेर चीज आहे, म्हणजे स्विस, आणि लसूणही आहे. इटलीत तीन मिशेलिन तारे (हे ऑनलाइन नव्हेत, मिशेलिन गाइडचे मानाचे तारे) पहिल्यांदा मिळवणारे शेफ ग्वाल्तिएरो मार्केझी त्यांच्या कार्बोनाऱ्यात क्रीम घालत. चाबाता पाव १९८२ सालचा, म्हणजे आपल्यातल्या अनेकांपेक्षा वयाने लहान. सीझर सॅलड तर मेक्सिकोतल्या तिहुआनाचं, १९२४ च्या सुमाराचं, सीझर कार्डिनी या इटालियन स्थलांतरिताच्या रेस्तराँतलं. आणि तुमच्या बोलोन्याचं रागू, म्हणजे पास्त्यावरचा खिम्याचा सॉस? त्याची 'अधिकृत' पाककृती तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १७ ऑक्टोबर १९८२ ला नोंदवली गेली आणि २०२३ मध्ये बदललीही.

त्यामुळे क्रीम घातलं हा गुन्हा मी मानत नाही. साय धरेपर्यंत ठेवलं, हा मानतो. चमचाभर यांना राग आला असेल तर तो परंपरा मोडल्याचा नसून आळशी स्वयंपाकाचा असावा.

चमचाभर

तळटीप, अगदी! मला ग्वांचाले मिळालं नाही म्हणून मी रडत नाहीये. मेन्यूत 'क्रीमी कार्बोनारा' असं स्वच्छ लिहिलं असतं तर मी दुसरं काही घेतलं असतं. आणि रिझोटो इतका झटपट कसा आला हे कोणी इस्कटून सांगेल का?

भटारखाना

मी सांगतो. बरीच वर्षं रेस्तराँच्या किचनमध्ये काढली, आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदूळ कच्च्यापासून तयार व्हायला १६ ते १८ मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ एक माणूस भांड्यापाशी अडकतो. दुपारच्या गर्दीत हे कोणाला परवडणार? लोकांना तासाभरात ऑफिसात परत जायचं असतं. म्हणून सकाळीच तांदूळ दोन-तृतीयांश शिजवतात, स्टीलच्या ट्रेमध्ये पातळ पसरतात, भराभर गार करून फ्रिजमध्ये ठेवतात. ऑर्डर आली की एक डाव तांदूळ, गरम स्टॉक, मश्रूम, शेवटी लोणी आणि चीज. चार-पाच मिनिटांत प्लेट बाहेर. नीट केलं तर खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही आणि भल्याभल्या ठिकाणी असंच करतात. यात लबाडी काही नाही. कडेला कोमट लागला म्हणजे शेवटची आच कमी पडली किंवा प्लेट थंडगार होती. माझा अंदाज प्लेटचा. दुपारी प्लेटा गरम करत बसायला कोणी नसतं.

आता क्रीम. अंड्याचा सॉस पासवर दोन-तीन मिनिटं थांबला तरी बिघडतो. पास म्हणजे तयार प्लेटा ठेवायचा कट्टा, ज्याच्या वर गरम दिवे असतात. चौघांचं टेबल आहे, एकाचा पिझ्झा भट्टीत अडकलाय, मग बाकी तिघांच्या प्लेटा त्या दिव्याखाली तिष्ठत. क्रीमचा सॉस थांबतो, पुन्हा गरम करता येतो, डब्यातून घरपोच जातो, आणि कालच कामाला लागलेल्या पोरालाही जमतो. तुमच्या वाडग्यात साय आली याचा अर्थ तुमचा पास्ता मित्राच्या पिझ्झ्याची वाट बघत होता.

पिझ्झा फिकट का, तेही सांगतो. नेपल्सची पिझ्झा संघटना आहे, १९८४ पासूनची. त्यांच्या नियमात भट्टीची फरशी ४३० अंशांच्या आसपास, घुमट त्याहून गरम, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. लाकडाची भट्टी पेटवल्यावर विटांच्या पोटात ती धग मुरायला तास नि तास जातात. संध्याकाळी भट्टी रसरशीत असते. दुपारी, त्यातून पहिल्या काही ऑर्डरींना, ज्वाळा दिसतात पण फरशी तापलेली नसते. मग वरून चीज वितळतं, खालून पीठ फिकट राहतं, आणि चार मिनिटं आत ठेवल्यामुळे कडा सुकून चिवट होते. मालक इंधन वाचवायला भट्टी उशिरा पेटवत असेल तर रोज दुपारी हेच.

आणि मुख्य शेफ? अनेक ठिकाणी तो दुपारी उशिरा येतो. दुपारची शिफ्ट ज्युनियर पोरांची. तिरामिसू चांगला लागला कारण तो आदल्या रात्री शेफच्या डोळ्यांदेखत झाला होता.

काडेपेटी

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका राव. 'मित्राच्या पिझ्झ्याची वाट बघत होता' याला आपला सलाम.

गणिती किडा

चमचाभर यांनी मूळ प्रश्न रेटिंगचा विचारलाय, त्यावर थोडं.

पहिली गोष्ट, परीक्षण लिहितं कोण? ज्याला फार आवडलं तो आणि ज्याचं डोकं फिरलं तो. 'ठीक होतं' म्हणणारा बिल देऊन चालू पडतो. त्यामुळे पाच ताऱ्यांचा मोठा ढीग, एक ताऱ्याचा छोटा ढीग आणि मधे खड्डा, असा आकार बहुतेक ठिकाणी दिसतो. अशा आकाराची सरासरी काढून ४.६ म्हणणं म्हणजे रात्र आणि दुपार मिळून हवा सरासरी आल्हाददायक आहे असं सांगून भर उन्हात माणूस बाहेर पाठवणं. संध्याकाळची परीक्षणं बहुसंख्य, दुपारची मूठभर, आकडा एकच.

दुसरी गोष्ट मेंढरांची. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग आला होता. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना संशोधकांनी लॉटरी पद्धतीने, सुरुवातीलाच एक खोटी पसंती देऊन ठेवली. शेवटी त्या प्रतिक्रियांचा गुणांक सरासरीने २५ टक्के जास्त भरला. एका पसंतीने! आता ४.६ वाचून आत शिरलेला माणूस जेवणाआधीच किती तारे देऊन बसलेला असेल याचा विचार करा.

तिसरी गोष्ट पैशाची. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या रेस्तराँचा अभ्यास केला (२०११). येल्प या परीक्षणांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, आणि हा परिणाम स्वतंत्र रेस्तराँवर होतो, मोठ्या साखळ्यांवर दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेस्तराँवरचा २०१२ चा दुसरा अभ्यास सांगतो की अर्धा तारा जास्त दिसला तर गर्दीच्या वेळी सगळी टेबलं भरून जाण्याचं प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी वाढतं. एवढं गणित समोर असताना मालक क्यूआर कार्ड छापणार नाही तर काय करणार?

४.६ आणि ४.४ यांत जेवणाच्या चवीचा फरक शोधू नये. ३.२ असेल तर मात्र मी दोनदा विचार करतो.

निवांत

इटालियन आणि रेटिंग म्हटल्यावर दोन किस्से आठवलेच.

२०१५ साली 'इतालिया आ ताव्होला' नावाच्या खाद्यविषयक प्रकाशनाने गार्दा सरोवराकाठच्या मोनिगा गावात 'ला स्कालेत्ता' नावाचं रेस्तराँ ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवलं. रेस्तराँ अस्तित्वातच नव्हतं. बनावट परीक्षणं टाकत गेले आणि ते त्या गावातलं पहिल्या क्रमांकाचं ठिकाण झालं. खरी भट्टी पेटवून बसलेल्या शेजाऱ्यांना काय वाटलं असेल! दोन वर्षांनी लंडनमध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडचं असंच 'रेस्तराँ' करून शहरात पहिल्या क्रमांकावर नेलं. तो गडी आधी पैसे घेऊन बनावट परीक्षणं लिहायचाच, म्हणजे हात बसलेला होता.

दुसरा किस्सा माझा आवडता. कॅलिफोर्नियात रिचमंडला 'बोत्तो बिस्त्रो' नावाचं छोटं इटालियन ठिकाण. २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की येल्पवर आम्हाला एक तारा द्या आणि पिझ्झ्यावर २५ टक्के सूट घ्या. शेफ दाव्हिदे चेरेतीनी यांचं म्हणणं, या ताऱ्यांच्या खेळात मला पडायचंच नाही. लोकांनी एक ताऱ्याची विनोदी परीक्षणं लिहून नुसता धुमाकूळ घातला आणि गर्दी वाढली.

काडेपेटी

म्हणजे पाच ताऱ्यांना गोड पदार्थ आणि एक ताऱ्याला पिझ्झा. आपलं मत पिझ्झ्याला.

उंबरठा

हसताय सगळे, पण काउंटरच्या पलीकडून जरा वेगळं दिसतं. माझ्या भावाचं छोटं इटालियन पद्धतीचंच रेस्तराँ आहे. (जाहिरात नको म्हणून कुठे ते सांगत नाही.)

साप्ताहिक सुटीच्या दिवशी आलेल्या माणसाने 'बंद होतं' म्हणून एक तारा दिला. दुसऱ्याने पार्किंग नाही म्हणून. तिसऱ्याच्या परीक्षणात फोटो आहे तो आमच्या प्लेटचाच नाही, आमच्याकडे निळ्या काठाच्या प्लेटा कधी नव्हत्याच. एका 'फूड इन्फ्लुएन्सर'ने पाच जणांचं फुकट जेवण मागितलं, नाही म्हटल्यावर दोन दिवसांत कुठून कुठून एक तारे पडले. भाऊ रात्री गल्ला मोजून झाला की उत्तरं लिहायला बसतो. वहिनी आधी वाचते, रागाचे शब्द काढते, मग टाकतात.

पण सगळ्यात लागलं ते पास्त्याचं. तो सुरुवातीला पास्ता अल देन्ते द्यायचा, दाताला किंचित कणी लागेल असा. 'पास्ता कच्चा होता' अशी परीक्षणं यायला लागली. वाढताना समजावून सांगून बघितलं, तर 'स्टाफ उद्धट, आम्हालाच शिकवतात' असं आलं. शेवटी त्याने उकळण्याची वेळ दोन मिनिटांनी वाढवली. तक्रारी थांबल्या. रेटिंग ४.१ वरून ४.४ वर गेलं. आता तो स्वतःसाठी वेगळा पास्ता टाकतो.

प्रवासी पक्षी

उंबरठाताई, हे वाचून पोटात कालवलं.

आणि हे फक्त पास्त्याचं नाही. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा मधे ओलसर असतो, कडेवर काळे ठिपके असतात. पीठ ताणून पिझ्झा करायच्या त्या कलेला २०१७ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच पिझ्झ्याची परीक्षणं वाचा: 'मधे कच्चा, कडेला जळका, दोन तारे.'

तळटीप

इथे मी माझा मुद्दा थोडा वाकवतो. पदार्थ बदलतात याला माझी हरकत नव्हती आणि नाही. पण पूर्वी ते बदलायचे कारण एखाद्या शेफला काही सुचायचं किंवा एखादं सामान मिळायचं नाही. आता ते बदलतात ते सरासरीच्या धाकाने. ज्याने कोणाचीच तक्रार येणार नाही असा पास्ता म्हणजे मऊ, क्रीममध्ये बुडवलेला, वर चीजचा थर. कोणाला आवडो न आवडो, एक तारा कोणी देणार नाही.

चमचाभर, तुमच्या वाडग्यातली साय त्या ४.६ मधूनच आली असण्याची शक्यता आहे.

चमचाभर

तळटीप, हे डोक्यात फिरत राहणार आता. मी रेटिंगमधून जेवण कळतं का असं विचारत होते. जेवणच रेटिंग बघून शिजत असेल तर आकडा खोटा म्हणायची सोयच नाही. ४.६ ला जे मिळायला हवं ते मिळालं की मला.

तरी त्या गोड पदार्थाच्या कार्डाचं काय? ते तर सरळ लाच वाटतं.

कलमबहाद्दर

कार्डावर नियमांच्या बाजूने. 'परीक्षण लिहा' अशी विनंती करणं आणि 'पाच तारे द्या, बदल्यात अमुक घ्या' यांत कायदा फरक करतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा बनावट परीक्षणांविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ठरावीक सुराच्या परीक्षणाच्या बदल्यात मोबदला देणं त्यात थेट निषिद्ध आहे, मग तो मोबदला तिरामिसू का असेना. युरोपीय संघात मे २०२२ पासून परीक्षणं दाखवणाऱ्या कंपन्यांना, ती खऱ्या ग्राहकांचीच आहेत हे आपण तपासतो का आणि कसं, ते सांगावं लागतं. बनावट परीक्षणं टाकणं ही तिथे अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

खुद्द इटलीत २०१८ साली लेच्चेच्या न्यायालयाने, हॉटेल-रेस्तराँना पैसे घेऊन बनावट परीक्षणं पुरवणाऱ्या माणसाला ९ महिन्यांची कैद सुनावली होती.

संकेतस्थळांचे स्वतःचे नियमही आहेत. गूगल आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझर दोघांनाही मोबदल्यातलं परीक्षण चालत नाही, येल्प तर ग्राहकाकडे परीक्षण मागूच नका म्हणतं. कार्डाचा फोटो काढून तक्रार करता येते.

उंबरठा

करता येते, पण आधी मॅनेजरशी बोला ना. कार्डं बहुतेक वेळा एखाद्या मार्केटिंगवाल्याने 'सगळेच करतात' सांगून गळ्यात मारलेली असतात. भावाकडेही तो नमुना घेऊन आला होता. नियम माहीतच नसतो हो लोकांना.

गणिती किडा

उंबरठाताईंशी सहमत. आणि चमचाभर, 'काय बघून ठरवता' याचं उत्तर राहिलंच माझ्याकडून. मी आकडा सोडून देतो आणि परीक्षणांमध्ये 'लंच' हा शब्द शोधतो. नवीन परीक्षणं आधी लावतो, कारण शेफ बदलला की जुनी सगळी रद्दी. मग तीन ताऱ्यांची वाचतो. तिथे शहाणी माणसं राहतात. त्यांना काय आवडलं आणि काय नाही हे दोन्ही लिहिलेलं असतं. फोटो बघतो ते लोकांनी काढलेले, दिवसाच्या उजेडातले. पिझ्झ्याची खालची बाजू दाखवणारा एखादा फोटो सापडला तर तो शंभर परीक्षणांना भारी. आणि मालक तक्रारीला उत्तर काय देतो ते. सगळ्यांना एकच छापील 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी' असेल तर कोणी वाचत नाही असं समजावं.

प्रवासी पक्षी

+१. आणि लिहिताना आपणही एवढं करावं: वार, वेळ, पदार्थ. 'बुधवारी दुपारी एक वाजता, मार्गारीटा, खालून फिकट' यात सगळं आलं. 'यम्मी' लिहून कोणाचं पोट भरतं?

काडेपेटी

मी आजवर सगळीकडे पाचच तारे देत आलोय, वाढणाऱ्या पोरांच्या नोकरीवर गदा नको म्हणून. आता हात आखडणार. बघा, किती जणांची पोटं मारलीत तुम्ही एका धाग्यात.

उंबरठा

काडेपेटी, तुमचा प्रकार आम्हाला चालतो! फक्त सोबत पदार्थाचं नाव लिहा. नुसते पाच तारे बघून भावाला कळत नाही की नक्की काय जमलंय.

चमचाभर

मॅनेजरशी बोलणार आहे, कार्डाबद्दल आणि भट्टीबद्दलही. परीक्षण लिहीन ते वार-वेळेसकट. तिरामिसूचं कौतुक त्यात असेलच.

भटारखाना, एक शेवटचं. ऑफिसातली मंडळी पुन्हा तिथेच जायचं म्हणतायत, जागा जवळची पडते. दुपारी अशा ठिकाणी मागवावं तरी काय?

भटारखाना

पिझ्झा हवाच असेल तर बारा वाजता जाऊ नका. दीड-दोनच्या सुमाराला भट्टीत बरंच लाकूड जळून झालेलं असतं, फरशी तोवर तापते. चौघं असाल तर पास्ता आणि पिझ्झा एकत्र मागवू नका, नाहीतर कोणीतरी एक जण दिव्याखालचं खाणार. पास्त्यात टोमॅटोचा सॉस घ्या. तो सकाळपासून मंद आचेवर असतो आणि थांबल्याने बिघडत नाही. आल्यो ए ओल्यो, म्हणजे नुसतं लसूण, ऑलिव्ह तेल आणि मिरची, हेही धकतं, कारण ते आधी करून ठेवताच येत नाही, तुमच्यासाठी कढई चढवावीच लागते. रिझोटो खरंच हवा असेल तर आधी वेळ विचारा. वीस मिनिटं लागतील म्हणाले तर खुशाल थांबा.

आणि लझान्या असेल तर डोळे मिटून लझान्या. ती आदल्या दिवशी थर लावून भाजलेली असते, रात्रभर बसली की कापताना थर सुटत नाहीत, दुपारी फक्त तुकडा गरम करून द्यायचा असतो. त्यात ज्युनियर पोरालाही फारसं काही बिघडवता येत नाही.